मदत हवी आहे: ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) वेळी आईवडिलांनी आत बसायचं की बाहेर?

नमस्कार मंडळी,

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझम. आम्ही तासगावचे. दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा एसटीने सांगलीला ओटीला नेते, म्हणजे खेळ-हालचालींतून रोजची कामं शिकवतात त्या थेरपीला. पाऊण तासाच्या सेशनपायी अर्धा दिवस जातो, पण त्याचं काही नाही.

आधीच्या थेरपिस्ट ताई मला आत बसवून घ्यायच्या. झोपाळ्यावर पालथं का झोपवलंय, उशांखाली का दाबलंय, हे करता करता सांगायच्या. स्नायू-सांध्यांवर जोर पडला की आपलं अंग कुठं आहे ते त्याला कळतं, म्हणून घरी जड कामं द्या म्हणाल्या. प्रोप्रिओसेप्शन म्हणतात त्याला, हा शब्द जिभेवर बसायला मला महिना लागला. मग दोन किलो ज्वारीची पिशवी दारापासून डब्यापर्यंत रोज तोच न्यायला लागला. भाकरीच्या पिठाला पहिले पंधरा दिवस एक बोट लावायचा आणि लगेच चड्डीला पुसायचा. आता मूठ भरून दाबतो. शर्टाची खालची तीन बटणं स्वतः लावतो. सासूबाई आधी म्हणायच्या, "खेळायला कुणी पैसे देतं होय?" बटणं बघितल्यापासून गप्प आहेत.

दोन महिन्यांपूर्वी ताई सोडून गेल्या. नवीन सर दार लावून घेतात. मी बाहेर खुर्चीवर, आतून त्याचं रडणं ऐकत. विचारलं तर म्हणाले, आई समोर असली की मुलं काम करत नाहीत. तेही खोटं नाही, मला बघून तो जास्त हट्ट करतो. पण सेशन संपल्यावर "आज छान झालं" एवढंच सांगतात आणि पुढच्या मुलाला आत घेतात. घरच्या अभ्यासाची वही तेव्हापासून कोरी आहे.

आता तो परत चवड्यांवर चालायला लागलाय. मधे जवळजवळ थांबलं होतं. आणि सोमवारी सेंटरच्या गल्लीत वळलो तर विजेच्या खांबाला मिठी मारून बसला, सुटेचना. माणूस बदलला म्हणून असं होतंय, की आत काही जास्त होतंय, मला कळत नाहीये.

तुमच्याकडे कसं असतं? निदान शेवटची दहा मिनिटं आत बसू द्या असं म्हटलं तर चालतं का? तीन महिन्यांत काय साधायचं ते लिहून मागितलं तर सरांना राग येईल का? सेंटर बदलायचं मनात येतं, पण तो नव्या जागेला रुळायलाच तीन-चार महिने घेतो.

अजून एक. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेचं कार्ड काढलंय, लाखापर्यंतचा विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. पण आमच्या पावत्यांवर नुसतं "फी" लिहिलेलं असतं. ज्यांनी क्लेम केलाय त्यांनी पावतीवर काय काय लिहून घेतलं?

गुरुवारी पुढचं सेशन आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.