एकट्याचा लांबचा बाईकप्रवास आणि फिरलेली हवा : तुमचे अनुभव सांगा

लांबच्या बाईकप्रवासाचा विषय निघाला की बोलणं गाडी कोणती, ॲव्हरेज किती, टायर कुठले यातच संपतं. मला वेगळं विचारायचंय. तुम्ही एकटे आहात, घर हजार-दीड हजार किलोमीटर मागे राहिलंय आणि हवा फिरली. पुढे जायचं, थांबायचं की माघारी वळायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ग्रुपमध्ये कोणीतरी "थांबूया रे" म्हणतं. एकट्याला तसं म्हणणारं कोणी नसतं. म्हणून हा धागा. सामानाच्या याद्या नकोत, त्या दिवशी काय झालं ते लिहा. सुरुवात मी करतो.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, मनाली ते लेह. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही. सोय मोठीच झाली, पण पूर्वी रोहतांगला जो इशारा मिळायचा तो आता मिळत नाही. हिरव्यागार मनालीतून निघून नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून तुम्ही थेट लाहौलमध्ये उतरता, आणि पहिली खरी उंची लागते ती बारालाचा ला ही खिंड, 4,800 मीटरच्याही वर. तिथे काय चाललंय याचा खाली काही पत्ता लागत नाही.

तांदीच्या पंपावर टाकी आणि कॅन भरले, जिस्पाला मुक्काम केला. सकाळी लख्ख ऊन. दारचाच्या चौकीवर नोंद करताना समोरून मालाचे ट्रक येत होते. त्यांच्या ताडपत्रीच्या घड्यांत बर्फ साचलेला, आणि पुढच्या काचेवर वायपर फिरलेला तेवढाच अर्धगोल स्वच्छ. मोबाईलवरच्या अंदाजात सूर्याचं चित्र होतं. मी ट्रकवर विश्वास ठेवला. तरी झिंगझिंगबारपर्यंत गेलो, तिथल्या तंबूत चहा घेतला. चहावाल्या बाईंनी वर बघून सांगितलं, "आज नहीं खुलेगा, बेटा." वर बर्फ, पुढे भरतपूर नि सरचूचे तंबू चार हजार मीटरच्या वर. तिथे अडकलो आणि रात्री डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर खाली उतरायचा रस्ताच उरणार नव्हता. परत जिस्पाला आलो.

दुसऱ्या दिवशीचा हिशेब नाजूक होता. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात, सकाळी पाणी कमी असतं, म्हणून लवकर निघावं असं सगळेच सांगतात. पण सकाळीच, ऊन न पोचलेल्या वळणांवर रात्रीचं पाणी गोठून डांबरासारखंच काळं दिसतं, आणि त्यावर पुढचा ब्रेक लावला की संपलंच. मी ऊन डोंगरकडेवरून रस्त्यावर उतरेपर्यंत थांबलो, मग निघालो. सावलीतल्या प्रत्येक वळणावर पहिला गिअर, दोन्ही पाय खाली, पुढच्या ब्रेकला हात नाही. सूरजतालच्या कडेने जाताना बोटांना क्लच कळत नव्हता, तेव्हा थांबून हात इंजिनाजवळ धरले. बारालाचा सुखरूप पार झाला. तेव्हापासून समोरून येणारी गाडी हाच माझा हवामानखात्याचा पहिला अंदाज. आता तुम्ही लिहा.

कोल्हापूरहून

2019 चा ऑगस्ट. बेंगळुरूहून घरी निघालो होतो. बेळगाव सोडलं तेव्हा पाऊस होता, पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये तो असतोच. निपाणीच्या अलीकडे ट्रकांची रांग सुरू झाली ती संपेचना. पुढे महामार्गावर पुराचं पाणी. घर हाकेच्या अंतरावर आणि मध्ये पाणी. जवळपास आठवडाभर रस्ता बंद राहिला.

वाटलं, बाईक आहे, आतल्या रस्त्यांनी निघून जाऊ. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अडवलं. म्हणाला, "पोरा, हमरस्त्यावर पाणी हाय म्हंजे आतल्या पुलांवर ते कवाच आलंय." किती साधी गोष्ट! महामार्गाचे पूल उंच असतात, गावांकडच्या रस्त्यांवरचे बंधारे आणि मोऱ्या ठेंगण्या. मुख्य रस्ता बुडाला असेल तर आडवाट त्याच्या आधीच बुडालेली असते.

त्या गावानं आम्हा अडकलेल्यांना जेवू घातलं. घराघरांतून भाकऱ्या गोळा व्हायच्या आणि देवळात पिठल्याचं पातेलं चढायचं. स्वतःची जनावरं दुसऱ्यांच्या गोठ्यात हलवलेली माणसं आम्हाला वाढत होती. हे लिहिताना आजही गळा दाटतो. पाणी उतरल्यावर आधी अत्यावश्यक मालाच्या गाड्या सोडल्या, दुचाक्यांचा नंबर शेवटी लागला, आणि ते बरोबरच होतं. रस्त्यावर गाळाचा थर होता, त्यावरून दुचाकी धड चाललीही नसती.

ठाण्याहून

पाऊस-बर्फ सगळ्यांना आठवतो, मी वाऱ्याबद्दल लिहितो. कन्याकुमारीहून परतताना नागरकोविल ते तिरुनेलवेली, जुलै महिना. आकाश निळं, रस्ता कोरडा, चौपदरी. अरल्वायमोळीच्या खिंडीपाशी पश्चिम घाट संपत येतो आणि नैर्ऋत्येचा मोसमी वारा त्या फटीतून घुसतो. मुप्पंदलला नजर जाईल तिकडे पवनचक्क्या आहेत त्या याच वाऱ्यामुळे.

उत्तरेकडे जाताना वारा डावीकडून येतो, म्हणजे तुम्हाला रस्त्याच्या मध्याकडे, वेगात जाणाऱ्या गाड्यांकडे ढकलतो. गाडी सरळ जावी म्हणून ती डावीकडे झुकवून चालवावी लागते. सगळ्यात वाईट क्षण ट्रक ओलांडतानाचा. ट्रकच्या आडोशाला वारा एकदम थांबतो, झुकलेली गाडी डावीकडे ट्रककडे ओढली जाते, आणि ट्रक मागे पडताच वारा पुन्हा थप्पड मारतो. मी हँडल घट्ट धरत होतो आणि गाडी जास्तच डुलत होती. मग गुडघ्यांनी टाकी आवळली, हात सैल सोडले, वेग साठच्या खाली आणला. फरक लगेच जाणवला. ट्रक ओलांडणं बंदच केलं. मागचा उंच टॉप बॉक्स उतरवून सामान सीटवर आडवं बांधलं, तेव्हा कुठे गाडी माझं ऐकू लागली.

खूण सांगतो. रस्त्याकडेची झाडं सगळी एकाच बाजूला वाकून वाढलेली दिसली, तर तिथे वारा रोजचाच आहे असं समजा.

चिपळूणहून

आम्ही 2021 चा पूर बघितलेली माणसं, पाण्याशी धाडस करत नाही. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. अंधारात पुलाकडे येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे कळलंच नाही. तेव्हापासून पावसाळ्यात रात्री नदी ओलांडायची नाही, हा माझा नियम. मग उशीर होवो, मुक्काम वाढो.

घाटात मात्र पावसापेक्षा डोंगराकडे लक्ष ठेवतो. कुंभार्लीत, आंब्यात, वरंध्यात सगळीकडे तेच. नेहमी पांढरा पडणारा धबधबा अचानक लाल गढूळ झाला, किंवा रस्त्यावर डोंगराच्या बाजूने मूठमूठ माती नि बारीक खडे येऊन पडलेत, तर वर काहीतरी सुटतंय. तिथे फोटोला थांबायचं नाही. दिसेल तेवढ्या मोकळ्या रस्त्यावरून मागे फिरायचं. एकदा असाच आंबा घाटातून मागे फिरून साखरप्याला राहिलो. दरड पडली की नाही मला माहीत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही.

सांगलीहून

रेनकोट जॅकेटच्या वरून घालावा की आतून? माझ्या जॅकेटला आतून लावायचा वॉटरप्रूफ थर आहे, तरी मी पार थरथरत होतो.

पुण्याहून (धागाकर्ता)

वरून. थर आत असला की तुम्ही कोरडे राहता, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यानं ते पाणी वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. पंधरा अंश तापमानातही ऐंशीच्या वेगाने दोन तास असे काढले की दात वाजायला लागतात. थरथर थांबली आणि तरी अजून थंड वाटतंय, बोलणं जड येतंय, वळणावर निर्णय उशिरा होतोय, तर गाडी तिथेच उभी करा. एकट्याला हे लवकर कळत नाही, कारण बोलायला कोणी नसतं. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने पाढे म्हणतो. सतराचा पाढा अडखळला की पुढच्या टपरीवर थांबतो.

इंदूरहून

आम्ही इकडचे मराठी, त्यामुळे ग्वाल्हेर-आग्र्याचा रस्ता पायाखालचा. जानेवारीतलं धुकं महाराष्ट्रातल्या घाटातल्या धुक्यासारखं नसतं. घाटातलं येतं-जातं, हे बसून राहतं, कधी दुपारपर्यंत. मुरैन्याच्या पुढे मला स्वतःच्या पुढच्या चाकापलीकडे रस्ता दिसेना. व्हायझरवर बाहेरून दव साचतं, आतून श्वास. काच उघडावी तर डोळ्यांत सुया.

लोक समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे जातात. मी जात नाही. तो ट्रक कुठे वळेल, थांबेल, आपल्याला माहीत नसतं. आणि कडेला थांबणं त्याहून धोक्याचं, कारण मागून येणारा तुमच्याच दिव्याला चालता दिवा समजून येतो. डाव्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून वीसच्या वेगाने पंप येईपर्यंत गेलो आणि रस्त्यापासून लांब, पंपाच्या पार मागे गाडी लावली. नऊ वाजेपर्यंत तिथेच. त्या भागात जानेवारीत पहाटे लवकर निघणं हा शहाणपणा नाही. आपल्याकडची सवय तिकडे उलटी पडते.

लातूरहून

मार्च 2014. मराठवाड्यात गारपिटीनं जे केलं ते इथल्या कोणाला सांगायला नको. सोलापूरहून तुळजापूरमार्गे येत होतो. दुपारचं उकडत होतं आणि एकाएकी थंड झोत आला, मातीचा वास घेऊन. आम्ही शेतकऱ्याची पोरं, असा वारा ओळखतो. उभ्या पिकाची पहिली आठवण आली, गाडीची नाही.

रस्त्याकडेला मोठं चिंचेचं झाड होतं, दोघं-तिघं त्याखाली थांबले होते. विजा होत होत्या. मी त्यांना ओरडून सोबत घेतलं आणि पुढच्या वस्तीवरच्या शाळेच्या व्हरांड्यात शिरलो. मग गारा. लिंबाएवढ्या. पत्र्यावरचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. हेल्मेट डोक्यावरच ठेवलं होतं. थांबल्यावर बाहेर आलो तर रस्ता पांढरा, आणि शेजारची ज्वारी आडवी. तिचा मालक बांधावर नुसता उभा होता. त्याच्याशी काय बोलावं मला सुचलं नाही. गारा वितळेपर्यंत तिथेच थांबलो. गोट्यांवरून चाक जसं सरकेल तसंच गारांवरून सरकतं.

आता पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. मार्च ते जून मराठवाड्या-विदर्भातून जाणाऱ्यांनी ते ठेवाच.

नागपूरहून

मे महिन्यात नागपूर ते हैदराबाद, एकटी. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. उन्हाबद्दल बाहेरच्यांना एक कळत नाही. हवा पंचेचाळीसची झाली की वारा गार करत नाही, भाजतो. जॅकेटची चेन उघडून चालवणारी पोरं दिसतात, ती तासाभरात सुकतात. मी सुती कुडता भिजवून आत घालते, वरून जॅकेट बंद, फक्त मनगटाशी थोडी हवा. तासा-दीड तासाने पुन्हा भिजवायचा. तहान लागायची वाट न बघता मीठ-साखरेचं पाणी. पहाटे चारला निघायचं आणि अकराला गाडी सावलीत.

त्या दिवशी आदिलाबाद ओलांडल्यावर चहाला थांबले आणि आभाळ तपकिरी झालं. वादळ. ढाब्यावरचा पोरगा खाटा आत ओढायला लागला, ते बघून मी हेल्मेट परत ठेवलं. पाचच मिनिटांत समोरच्या होर्डिंगचा पत्रा सुटून रस्त्याच्या मधोमध येऊन पडला. ढाब्यावाल्याचं घर मागेच होतं, त्याच्या बायकोनं मला आत घेतलं. तेलुगू मला येत नाही, तिला मराठी थोडं येत होतं. त्या सगळ्या पट्ट्यात मराठी कळतं.

पुण्याहून (धागाकर्ता)

ताई, एक विचारू का? हवेमुळे न ठरवलेल्या गावी मुक्काम पडला तर जागा कशी निवडता? हे इथल्या बऱ्याच जणींना उपयोगी पडेल.

नागपूरहून

विचारा की. अंधार पडायच्या आधी थांबते, हे पहिलं. पाऊस आला म्हणून अंधारात जागा शोधत फिरण्यापेक्षा चारलाच थांबलेलं बरं. महामार्गापासून एकटं पडलेलं हॉटेल घेत नाही, गावातलं घेते, एस्टी स्टँडजवळचं असलं तर उत्तम, तिथे रात्री उशिरापर्यंत माणसं असतात. देवस्थानाचं भक्तनिवास किंवा गुरुद्वारा मिळाला तर आणखी चांगलं. नांदेडला मी अशीच राहिले आहे, आणि लंगरमध्ये भाज्या चिरल्या आहेत. पंपावरच्या बाई कर्मचाऱ्यांना किंवा मेडिकलवाल्याला विचारते, गावातली खरी माहिती तिथे मिळते. मुक्कामाचं नाव आणि खोलीचा नंबर बहिणीला कळवते. लडाखला जाणार असाल तर लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. आणि खोलीची कडी आतून नीट लागते का ते आधी बघते, पैसे नंतर देते.