आपलाच फॉरवर्ड आपल्याकडे परत आलाय का? किस्से टाका

धागा काढायचं कारण म्हणजे काल मीच तोंडावर आपटलो. चार महिन्यांपूर्वी मित्रांच्या ग्रुपवर टाईमपास म्हणून टाकलं होतं, "महत्वाची सुचना: उद्या रात्री १२ ते ३ इंटरनेट धुवायला काढणार आहेत, गुड मॉर्निंग आजच पाठवून ठेवा", खाली डोळा मारणारा स्मायली. काल तेच काकांकडून आलं. स्मायली गायब, धुण्याच्या जागी 'देखभाल', गुड मॉर्निंगचं वाक्य उडालेलं, वर 'तज्ज्ञांच्या मते' आणि तो दोन बाणवाला 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' शिक्का. माझाच आहे हे कळलं कशावरून तर 'सुचना' मधल्या पहिल्या उकारावरून, तो ऱ्हस्वच राहिलाय. विनोद गेला, चूक टिकली. आता काकांना कसं सांगू? तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा.

---

स्मायली गळाला हे वाचून हसू आलं, कारण स्मायलीचा जन्मच यासाठी झालाय. कार्नेगी मेलन विद्यापीठात कुणीतरी गमतीत लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि काही जणांना ते खरंच वाटलं. मग १९ सप्टेंबर १९८२ ला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गंमत असेल तर :-) अशी खूण करा. म्हणजे ही रड तेव्हापासूनची.

---

आमच्याकडे दर ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसतो. बाबा पाठवतात, आम्ही गच्चीवर जातो (मी पण जायचो, खोटं कशाला बोलू). मुळात २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच जवळपास ६०,००० वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, आणि मूळ मेलमध्ये होतं की ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. दुर्बीण वाटेत कुठेतरी पडली, वर्षही पडलं, राहिला तो चंद्राएवढा मंगळ. बाबांना हे सगळं समजावलं तर म्हणाले, "बरं, पण बघायला काय जातंय?" यावर काय बोलणार.

---

मी उलट्या बाजूचा. ऑफिसच्या ग्रुपवर डायहायड्रोजन मोनॉक्साइडचा इशारा टाकला: श्वासनलिकेत गेलं तर मृत्यू, लोखंड गंजवतं, आम्लवर्षेचा मुख्य घटक. एक शब्द खोटा नाही, कारण ते पाणी आहे! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका मुलाने शाळेतल्या ५० जणांपुढे हेच ठेवलं तर ४३ जणांनी बंदी घाला म्हटलं होतं. मला वाटलं आमच्याकडे सगळे इंजिनियर, लगेच ओळखतील. साहेबांचा रिप्लाय, "आपल्याकडे हे कुठे कुठे वापरतात त्याची लिस्ट संध्याकाळपर्यंत द्या." दिली. पहिला नंबर वॉटर कूलर. दोन दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

---

पुराच्या पाण्यात हायवेवर पोहणारा शार्क. मी, सायन्स ग्रॅज्युएट, आठ ग्रुपवर. नंतर भाच्याने फोटो उलटा सर्च करून मूळचा दाखवला, तोच शार्क, फक्त हायवेऐवजी समुद्र आणि पुढे एक छोटी होडी. बाकी काही लिहीत नाही.

---

मला आता दुसराच आजार झालाय, कशावरच विश्वास बसत नाही. शाळेतल्या मित्राचा नवीन नंबरवरून मेसेज आला, फोन हरवलाय हा नंबर सेव्ह कर. मी म्हटलं चोर. खात्री करायला विचारलं, सांग माझ्या शेजारी बेंचवर कोण बसायचं, तर त्याला आठवेना, मी "छान प्रयत्न" लिहून ब्लॉक केला. तो तोच होता. शेजारी बसायचा तोही तोच, म्हणून तो बिचारा तिसऱ्याच कुणालातरी आठवत बसला. जुन्या नंबरवर फोन लागत नव्हता म्हणून तर माझी खात्रीच पटली होती की काहीतरी गडबड आहे!

---

धागाकर्ता परत. सांगितलं काकांना. ग्रुपवर नाही, वेगळा फोन करून, म्हटलं काका तो मेसेज खोटा आहे. आजवर एकाही फॉरवर्डला कुठून आलं असं न विचारलेला हा माणूस मला म्हणतो, "खोटा आहे हे तुला कुणी सांगितलं? काही आधार?" म्हटलं अहो मीच लिहिलाय. तर म्हणतात, "मग तसं कुठे छापून आलंय का, लिंक पाठव."