जँगोमध्ये रद्द नोंदी वगळणारा फिल्टर कुठे लिहावा?

प्रश्न (म्हापसा): पेडणे आणि काणकोण येथील होमस्टेंच्या आरक्षणांसाठी मी जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेब-फ्रेमवर्कमध्ये) प्रणाली लिहीत असून, रद्द झालेल्या नोंदी वगळण्याची अट प्रत्येक व्ह्यूमध्ये (वेब-विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) नव्याने लिहावी लागते. ती एकाच ठिकाणी कशी ठेवता येईल?

उत्तर (फोंडा): क्वेरीसेटचा (डेटाबेसमधून नोंदी मागवणाऱ्या वर्गाचा) उपवर्ग करून त्यात ‘सक्रिय’ नावाची मेथड लिहावी आणि ‘ॲज_मॅनेजर’ने तो मॅनेजर (ज्याच्यामार्फत नोंदी मागवल्या जातात तो घटक) म्हणून मॉडेलला, म्हणजे नोंदींचा तक्ता मांडणाऱ्या वर्गाला, जोडावा, ही सोय आवृत्ती १.७ पासून आहे. ‘सक्रिय’पुढे तालुक्याची अटही जोडता येते, आणि निकाल प्रत्यक्ष मागितला जाईपर्यंत डेटाबेसकडे क्वेरी जात नाही.

उत्तर (मडगाव): वरील मांडणी योग्यच आहे. मात्र ही अट पहिल्या मॅनेजरच्या ‘गेट_क्वेरीसेट’मध्ये (मूळ क्वेरीसेट देणाऱ्या मेथडमध्ये) घालू नये, असे माझे ठाम मत आहे. एरवी पहिला मॅनेजर हाच डीफॉल्ट ठरतो व ॲडमिनही (जँगोची तयार व्यवस्थापन-साइट) तोच वापरते; त्यामुळे पाहुणा परताव्यासाठी आला, तर त्याची रद्द नोंद तेथे दिसणारच नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. खोली मोकळी आहे का, हेही असेच तपासावे का?

उत्तर (फोंडा): होय. जुन्या नोंदीचे आगमन नव्या प्रस्थानाच्या आधी आणि तिचे प्रस्थान नव्या आगमनानंतर असेल, तर तारखा एकमेकींवर येतात. ही अट पायथनच्या लूपमध्ये न तपासता त्याच उपवर्गात लिहावी.