फ्रीबीएसडी १४.२ : एक्स चालतं, पण इंटेलचं ग्राफिक्स लोड होत नाही. मदत हवी आहे

मंडळी,

जुन्या लॅपटॉपवर (आठव्या पिढीचा आय५, इंटेल यूएचडी ६२०, ८ जीबी रॅम) फ्रीबीएसडी १४.२ (युनिक्स घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आहे. डिस्कवर झेडएफएस, बूट यूईएफआयने. लिनक्सची सवय जुनी आहे, टर्मिनलची भीती नाही. पण इथे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि पॅकेजं यांचं नातं वेगळंच दिसतंय आणि गाडी तिथेच अडली आहे.

पीकेजीने (तयार पॅकेजं आणणारी आज्ञा) एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारी 'एक्स' व्यवस्था) आणि डीआरएम-केमॉड (ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅकेज) घेतलं. माझं खातं व्हिडिओ गटात टाकलं. मग आय९१५केएमएस हे इंटेल ग्राफिक्सचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) हातानेच केएलडीलोड आज्ञेने लोड करून पाहिलं, तर मॉड्यूल लोड झालं नाही, डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) बघा, एवढंच उत्तर. डीमेसेज म्हणतो, डीआरएम.केओ या मॉड्यूलला कर्नल हवा आहे, पण तो उपलब्ध नाही किंवा आवृत्ती जुळत नाही. कर्नल उपलब्ध नाही हे खुद्द कर्नलच सांगतोय, आता काय बोलणार!

तूर्त एससीएफबी या साध्या, कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवतोय. स्टार्टएक्स दिलं की एक्सएफसीई (डेस्कटॉप) नीट उघडतं, अक्षरंही स्वच्छ दिसतात. पण व्हिडिओ लावला की सगळा भार सीपीयूवर, एचडीएमआयला लावलेला मॉनिटर ओळखतच नाही, आणि ब्राइटनेस कायम पूर्ण.

१४.१ वर परत जावं की पोर्ट्समधून (सोर्सपासून बांधायच्या सॉफ्टवेअरचा संग्रह) ड्रायव्हर बांधावा? बांधायचा तर ८ जीबी पुरेल का?

प्रतिसाद : डोंगरवाट

मागे जाऊ नका. १४ मालिकेची तयार पॅकेजं त्या मालिकेतल्या सर्वांत जुन्या, पण अजून पाठिंबा असलेल्या आवृत्तीवर बांधली जातात. १४.१ चा पाठिंबा ३१ मार्च २०२५ पर्यंत होता, म्हणजे तोवर पॅकेजं १४.१ वरचीच होती. फायरफॉक्स, एक्सएफसीई वगैरेंना त्याने काही फरक पडत नाही. कर्नल मॉड्यूलला मात्र पडतो, कारण ते कर्नलच्या आतल्या रचनांना थेट हात घालतं.

त्यामुळे ड्रायव्हर घरीच बांधा. फ्रीबीएसडी-व्हर्जनला '-के' देऊन जी आवृत्ती दिसेल, तिचाच सोर्स यूएसआर/एसआरसीमध्ये हवा. मग पोर्ट्सच्या ग्राफिक्स विभागात डीआरएम-६१-केमॉड आहे, तिथे मेक. ही लिनक्स ६.१ मधली ग्राफिक्सची बाजू इकडे आणलेली आहे. जुनं पॅकेज आधी काढा, फर्मवेअरची पॅकेजं राहू द्या. ८ जीबी भरपूर झाली, अख्खा कर्नल थोडाच बांधायचाय.

आणि हो, बांधून झाल्यावर पीकेजी लॉक लावायला विसरू नका. नाहीतर पुढच्या अपग्रेडला तयार पॅकेज येऊन तुमच्या मेहनतीवर बसेल.

प्रतिसाद : सुपारीबाग

एक जोड. आय९१५केएमएस हे आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधल्या केएलडी_लिस्टमध्येच (लोड करायच्या मॉड्यूलांची यादी) लिहा. नेटवरचे जुने लेख लोडर.कॉन्फ (बूटच्या सुरुवातीलाच वाचली जाणारी फाइल) सांगतात, पण तिथून इतक्या लवकर लोड केलं तर बूट अडकू शकतं.

समजा पडदा काळा झालाच, तर बूटच्या मेन्यूत सिंगल यूजर निवडा. त्यात आरसीच्या स्क्रिप्टा चालत नाहीत, म्हणून मॉड्यूलही लोड होत नाही. 'माउंट -यू /' करून ती ओळ काढा आणि रीबूट करा. पेन ड्राइव्ह, पुन्हा इन्स्टॉल वगैरे काही लागत नाही.

एक्सऑर्ग.कॉन्फ (एक्सच्या सेटिंगची फाइल) लिहिलं असेल तर बाजूला सरकवा. त्यात एससीएफबीचं नाव राहिलं तर नवा ड्रायव्हर असूनही एक्स जुन्याच वाटेने जाईल. इंटेलचा वेगळा एक्स ड्रायव्हरही नको, एक्ससोबत येणारा मोडसेटिंग ड्रायव्हर पुरतो.

धागाकर्ता

चाललं! मॉड्यूल लोड होताच कन्सोलची अक्षरं बारीक झाली, तेव्हाच कळलं. ग्लेक्सइन्फो या आज्ञेत रेंडरर (चित्र काढणारा) म्हणून आधी एलएलव्हीएमपाइप, म्हणजे सीपीयूवरचंच काम, दिसायचं, आता इंटेलचं नाव येतं. एचडीएमआयही ओळखलं. कीबोर्डवरच्या ब्राइटनेसच्या कळा मात्र अजून ढिम्म आहेत.

प्रतिसाद : डोंगरवाट

त्यासाठी बॅकलाइट ही आज्ञा १३.० पासून मूळ सिस्टिममध्येच आहे. टर्मिनलवर 'बॅकलाइट ४०' देऊन बघा. पडदा मंद झाला, तर तीच आज्ञा एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये त्या कळांना बांधा. झाला नाही, तर डीमेसेज इथे चिकटवा.