भत्ता चालू, वही उघडी : बेकारीतल्या अभ्यासाचे अनुभव

नोकरी गेल्यावरच्या भत्त्यावर घर चालवत कुणी शिकलंय का? फी, नियम, घरच्यांचे चेहरे, सगळं लिहा. 'पुढे सगळं छान झालं' छापाचेच अनुभव हवेत असं अजिबात नाही. सुरुवात मी करतो.

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होतो. 2023 च्या शेवटी आमचा अख्खा विभाग बंद झाला. इथे नोकरी संपायला तीन महिन्यांहून कमी उरले असतील, तर कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करायची. नाहीतर आठवड्याचा भत्ता जातो. भत्ता निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. 'हे सात टक्के माझे' म्हणून लेकीने दर महिन्याला आइस्क्रीम वसूल केलं.

मला वाटलं, वर्षभर मोकळा आहे तर सरळ एमएस्सी करून टाकू. सल्लागार बाईंनी शांतपणे समजावलं: विद्यापीठात नाव घातलंत की कायदा धरून चालतो, हा माणूस पूर्णवेळ नोकरीला मोकळा नाही. मग तसं नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. भत्ता उद्या सकाळी कामावर जाऊ शकणाऱ्यासाठी असतो, शिकणाऱ्यासाठी नाही. ही गोम मला तोवर कळलीच नव्हती.

दुसरी वाट म्हणजे 'बिल्डुंग्सगुटशाइन', शिक्षणाचं कूपन. मान्य कोर्सची फी ते भरतात, भत्ताही चालू राहतो. आणि खरी मजा पुढे आहे: कोर्सच्या दोन दिवसांमागे भत्त्याच्या ठरलेल्या दिवसांतला एकच दिवस खर्ची पडतो. पण कूपन हक्काचं नसतं, ते अधिकाऱ्याला पटावं लागतं, तेही कोर्स सुरू व्हायच्या आधी. मी दहा जाहिराती छापून नेल्या, प्रत्येकीत मला न येणारं सॉफ्टवेअर पिवळ्या पेनाने रंगवलेलं. तिसऱ्या भेटीत कूपन हातात पडलं.

आईला हे फोनवर पटेना. "घरी बसून सरकार पैसे देतं?" म्हटलं, विमा आहे, दर महिन्याला पगारातून 1.3 टक्के कापत होते. मग म्हणाली, "असं होय, भिशी लागली तुला."

तिखटमीठ : मी टोरोंटोच्या बाजूला. इथे ईआय, म्हणजे सरकारी बेकारी विमा, पगाराच्या 55 टक्के, त्यालाही कमाल मर्यादा. दर दोन आठवड्यांनी रिपोर्ट भरायचा, त्यात 'शाळा किंवा प्रशिक्षण सुरू केलंत का' हा प्रश्न असतोच. मी शहाणी, कुणाला न विचारता दिवसाच्या कॉलेजात नाव घातलं आणि प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. पैसे थांबले, फोन आला. शेवटी दिवसाचे वर्ग सोडून संध्याकाळचे घेतले. आधी परवानगी काढून जाणाऱ्यांचं पूर्णवेळ शिक्षणातही ईआय चालू राहतं, हे नंतर समजलं. नवरा अजून चिडवतो.

दुसरी पाळी : तुमचे 67 टक्के वाचून हसू आलं, राग मानू नका. मी चाकणचा, ठेकेदाराकडे होतो, पगार 16 हजार. लाइन बंद पडली. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' असते हे कॅन्टीनवाल्याकडून कळलं. रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. दावा नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी. तोवर वाण्याची वही.

मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. तिसऱ्या वर्षावर अडकलं होतं. म्हटलं, हेच ते 90 दिवस. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही. म्हणून अभ्यासिकेत खुर्ची घेतली, महिना 900 रुपये. बायको म्हणाली, 900 चा गॅस आला असता. खरंच होतं ते. तिथे सगळी पोरं एमपीएससीवाली, मी 34 चा. मला 'सर' म्हणायची, चहाला पुढे बसवायची. बिल मात्र सर देतील या हिशोबाने.

वडिलांना नोकरी गेल्याचं सांगितलंच नव्हतं. दुपारी दोनला डबा घेऊन निघायचो, पाळीला निघाल्यासारखा. धाग्यावरचं नाव त्यावरूनच घेतलंय.

पावशेर : भत्ता वगैरे काही नव्हता. बायकोचा पगार हाच भत्ता, रिपोर्टही तिलाच. त्याबद्दल लिहिलं तर चालेल का?

धागाकर्ता : चालेल, पण वहिनींना वाचून दाखवा आधी. माझ्याबद्दल राहिलं: कोर्स संपून चार महिने झाले, दोन मुलाखती झाल्या, नोकरी नाही.

तिखटमीठ : दुसरी पाळी, बी.कॉम. झालं का?

दुसरी पाळी : नाही ताई. दोन विषय राहिले, त्यात कॉस्टिंग. आता दुसऱ्या कंपनीत रात्रपाळी आहे. दिवसा खुर्ची तीच घेतलीय, भाडं हजार झालं.