‘नॉनइन्व्हेजिव्ह’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : सिरोसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना ‘बिघडलेल्या यकृताभिसरणाचे नॉनइन्व्हेजिव्ह (शरीरात सुई किंवा नळी न घालता केलेले) मूल्यमापन’ या शीर्षकापाशी अडलो आहे. ‘अनाक्रमक’ हा शब्द सुचतो, पण पटत नाही.

उत्तर : ‘अनाक्रमक’ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत ‘आक्रमक’ म्हटले की अंगावर धावून येणेच डोळ्यांपुढे येते. माझ्या मावशींच्या चिठ्ठीवर हाच शब्द होता आणि आदल्या रात्री त्यांनी मला काळजीने विचारले, “म्हणजे आधीची तपासणी माझ्या जिवावर बेतणारी होती का रे?” प्रत्यक्षात त्या ३ तास उपाशी राहून पाठीवर निजल्या, उजवा हात डोक्यामागे घेतला आणि बरगड्यांच्या फटीवर टेकवलेल्या उपकरणाचे टिचकीसारखे काही धक्के त्यांना जाणवले, एवढेच. त्या धक्क्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते, यावरून त्याचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये काढतात.

माझ्या मते येथे ‘वेध’ हा शब्द उपयोगी पडेल. कर्णवेधातला वेध टोचतो, तर वेधशाळेतला वेध लांबून घेतात. शिमला ऑफिस चौकातील वेधशाळेमुळे पुणेकरांना हा दुसरा अर्थ अधिक जवळचा. मानेतील शिरेतून यकृतशिरेपर्यंत नळी नेऊन यकृतात येणाऱ्या आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांच्या दाबातील फरक मोजणे हा पहिला वेध होय. तो फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असणे सामान्य, तर १० किंवा अधिक असणे चिंतेचे मानतात. डॉपलर सोनोग्राफीत दिसणारी रक्तप्रवाहाची दिशा व वेग, प्लीहेचा आकार, प्लेटलेटची संख्या आणि यकृताचा ताठरपणा ही चिन्हे जुळवून त्याच दाबाचा अंदाज बांधणे हा दुसरा वेध. या दाबाच्या विकारावरील तज्ज्ञांच्या २०२१च्या बाव्हेनो परिषदेतील सहमतीनुसार ताठरपणा १५ किलोपास्कल किंवा कमी आणि प्लेटलेट दर मायक्रोलिटर रक्तात दीड लाख किंवा अधिक असतील, तर चिंताजनक दाब नाही असे धरता येते. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. म्हणूनच मला ‘मूल्यमापन’ही खटकते आणि ‘यकृताभिसरणातील बिघाडाचा बाहेरून वेध’ हे शीर्षक अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : ‘पोर्टल हायपरटेन्शन’ला ‘यकृताचा रक्तदाब’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : नको. ‘रक्तदाब’ वाचताच रुग्ण दंडाला पट्टा बांधून घेतो आणि आकडा ठीक आला की निर्धास्त होतो. हा दाब तेथे दिसतच नाही. लॅटिन ‘पोर्टा’ म्हणजे दार. आतडी व प्लीहा यांच्याकडून आलेले रक्त ज्या शिरेने यकृताच्या दारातून आत शिरते आणि जी यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुरवते, ती ‘द्वारशिरा’. म्हणून ‘द्वारशिरेतील वाढलेला दाब’ असे लिहावे. मात्र आरंभी ‘पोर्टल व्हेन म्हणजे द्वारशिरा’ हे एकदा सांगायलाच हवे, कारण रुग्णाच्या हातातील सोनोग्राफीच्या अहवालात इंग्रजी नावच छापलेले असते.