फाशीची शिक्षा होऊन निर्दोष सुटलेला माणूस वर्गात बोलायला येतो तेव्हा: आयोजकांचे अनुभव

धाग्याचं निमंत्रण

चुकीने दोषी ठरून फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं राहिलेली आणि पुढे निर्दोष सुटलेली माणसं अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून नियमित बोलतात. फिलाडेल्फियाची 'विटनेस टू इनोसन्स' ही संस्था तर अशाच माणसांची. फाशीविरोधात काम करणाऱ्या नन सिस्टर हेलन प्रेजीन आणि ॲरिझोनात फाशीची शिक्षा सुनावली गेलेले रे क्रोन यांच्या पुढाकाराने ती २००३ मध्ये उभी राहिली. जपानमध्येही अशी भाषणं होतात. आपल्याकडे फारच कमी. असे कार्यक्रम घडवणारी, शिकवणारी, दुभाषेपण किंवा वकिली करणारी मराठी मंडळी देशात-परदेशात आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. स्वतःबद्दल नको. पुढच्या आयोजकाला कामाला येईल असं लिहा: तयारी काय करायची, वेळ किती ठेवायचा, कुठे बिघडतं आणि का.

इतिहास-नागरिकशास्त्र शिक्षिका, मेरीलँड

सगळ्यात जास्त बिघडतं ते वेळेत. शाळेचा एक पिरियड पाऊण तासाचा. वक्त्याला चाळीस मिनिटं लागतात आणि प्रश्नांना निदान पंचवीस. म्हणून सलग दोन पिरियड मागून घ्यायचे, नाहीतर कार्यक्रम शाळा सुटल्यावर ठेवायचा. घंटा वाजते, मुलं दप्तरं उचलतात आणि वक्ता आईच्या मृत्यूबद्दल बोलत असतो, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

दुसरं, खटल्याची हकिकत वक्त्याकडून वदवून घ्यायची नाही. अटक, पुरावा, अपील, फेरखटला या क्रमात वीस मिनिटं जातात, मुलं तारखांत हरवतात आणि माणसाबद्दल ऐकायचं राहून जातं. खटला आदल्या दोन तासांत आपण शिकवायचा.

मेरीलँडमध्ये कर्क ब्लड्सवर्थ यांचं प्रकरण घ्यावं. जुलै १९८४ मध्ये बाल्टिमोर काउंटीतल्या रोझडेलला नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिच्यासोबत शेवटी दिसलेल्या माणसाचं वर्णन दोन मुलांनी दिलं, एक दहा वर्षांचा, दुसरा सात. उंची साडेसहा फुटांच्या घरात, अंगाने सडपातळ, केस सोनेरी. ब्लड्सवर्थ सहा फुटी, भरल्या अंगाचे, लालसर केसांचे. तरी रेखाचित्र प्रसिद्ध झाल्यावर निनावी फोन आला आणि कोर्टात पाच साक्षीदारांनी त्यांना ओळखलं. १९८५ मध्ये फाशीची शिक्षा. सरकारी पक्षाने दुसऱ्या संशयिताची माहिती दडवली म्हणून ती शिक्षा रद्द झाली, पण फेरखटल्यात पुन्हा दोषी ठरवून दोन जन्मठेपा दिल्या. डीएनए चाचणीनंतर २८ जून १९९३ ला ते बाहेर आले. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी डीएनएमुळे निर्दोष ठरलेले ते अमेरिकेतले पहिले. खरा गुन्हेगार २००३ मध्ये डीएनएच्या नोंदींतून सापडला आणि तो त्याच तुरुंगात राहून गेलेला निघाला!

वर्गात फळ्यावर दोन रकाने करायचे: मुलांनी दिलेलं वर्णन एका बाजूला, पकडलेला माणूस दुसऱ्या. मग विचारायचं, पाच जणांची खात्री कशी पटली असेल? मुलं आधी म्हणतात, साक्षीदार खोटं बोलले. तिथे थांबवायचं. अटक झालेल्याचा चेहरा टीव्हीवर एकदा दिसला की पुढे तोच ओळखीचा वाटतो; साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकतो. हे पचायला अख्खा तास द्यावा. तो दिला नाही तर 'त्या साक्षीदारांना तुम्ही माफ केलं का?' हा प्रश्न पहिलाच येतो, आणि तो पहिला यायला नको.

कायद्याचा प्राध्यापक, जॉर्जिया

वरच्याशी सहमत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र एवढं पुरत नाही, त्यांना कागद हातात द्यावे लागतात. माझी पसंती अँथनी रे हिंटन यांच्या प्रकरणाला, कारण त्यात चूक नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं.

१९८५, बर्मिंगहॅम, अलाबामा. रेस्टॉरंटवरच्या दरोड्यांत दोन व्यवस्थापक मारले गेले, तिसऱ्या दरोड्यातला वाचला आणि त्याने फोटोवरून हिंटन यांना ओळखलं. त्या तिसऱ्या दरोड्याच्या वेळी हिंटन काही मैलांवरच्या, फाटकाशी नोंद होणाऱ्या गोदामात रात्रपाळीला होते. पुरावा म्हणून उरलं आईच्या घरातलं .३८ चं रिव्हॉल्व्हर आणि तिन्ही दरोड्यांतल्या सहा गोळ्या. बोटांचे ठसे नाहीत. सगळा खटला 'या गोळ्या याच रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या' या एका मतावर उभा.

बचावाच्या वकिलाची समजूत अशी की तज्ज्ञासाठी सरकारकडून जास्तीत जास्त १,००० डॉलर मिळतात. तेवढ्यात जो मिळाला तो घेतला: एका डोळ्याने अधू, तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाची नीट सवय नसलेला इंजिनीअर. उलटतपासणीत त्याची दैना झाली. प्रत्यक्षात ती मर्यादा कायद्यातून वर्षभरापूर्वीच निघाली होती. वकिलाने कायदा उघडून पाहिला नव्हता. २००२ मध्ये तीन नामांकित तज्ज्ञांनी गोळ्या जुळत नाहीत असं सांगितलं, तरी आणखी बारा वर्षं गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वकिलाचं काम अपुरं ठरवलं आणि ३ एप्रिल २०१५ ला हिंटन सुटले. ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह'ने ही लढाई सोळा वर्षं लढवली.

भाषणाआधी विद्यार्थ्यांना १९८५ चा तो कायदा शोधायला लावावा. वर्षभरापूर्वीची दुरुस्ती ज्याला सापडते त्याला पुढचं काही समजवावं लागत नाही. आणि हे विद्यार्थी वक्त्याला 'तुमच्या वकिलाने असं का केलं?' हे विचारत नाहीत. तो प्रश्न वक्त्याचा नाहीच, वकील होऊ घातलेल्या मुलांचा आहे.

समाजकार्यकर्ती, सुटलेल्या कैद्यांबरोबर काम, फिलाडेल्फिया

तुम्ही दोघांनी वर्ग सांभाळलात. मी येणाऱ्या माणसाबद्दल लिहिते.

खोली आधी दाखवा, शक्यतो फोटो पाठवून. खिडकी असलेली खोली घ्या. अमेरिकेतल्या शाळांत सुरक्षेसाठी दारं आपोआप लॉक होतात आणि तो आवाज काहींना सहन होत नाही. दार उघडं अडकवून ठेवायची परवानगी कार्यालयाकडून आधीच घ्या. वक्त्याची खुर्ची दाराजवळ, पाठ भिंतीकडे. प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागणारा रखवालदार असतो, कधी झडतीचं यंत्र असतं. त्याला आगाऊ सांगून आयोजकाने स्वतः दारात उभं राहायचं. झडती देऊन आत आलेला माणूस पहिली दहा मिनिटं बोलण्याच्या स्थितीत नसतो.

सोबत कोणी येणार का हे विचारा आणि त्याचंही तिकीट काढा. दिवसाला एकच भाषण. 'आलाच आहात तर दुपारी दुसऱ्या वर्गातही बोला' हा आग्रह मोडवत नाही म्हणून लोक हो म्हणतात आणि पुढचे दोन-तीन दिवस झोपत नाहीत. भाषणानंतर अर्धा तास एकांत, मग जेवण. फोटो, रेकॉर्डिंग याची परवानगी लेखी आणि आधी. सभागृहात सगळ्यांसमोर विचारलं तर नकार देणं अवघड जातं.

मानधन. हे पोटाचं काम आहे, समाजसेवा समजू नका. बऱ्याच जणांना भरपाई मिळालेली नाही. अलाबामाने हिंटन यांना काहीच दिलं नाही. ऐन कमाईच्या वयात नोकरी नाही, म्हणून निवृत्तिवेतनही नाही. रक्कम पत्रात लिहा आणि चेक त्याच दिवशी हातात द्या. शाळेच्या लेखाविभागाला पैसे काढायला आठवडे लागतात, म्हणून कागदपत्रं महिनाभर आधी भरून घ्या.

प्रश्न कार्डांवर लिहून घ्या आणि एका शिक्षकाने चाळा. बाजूला काढायचे ते असे: 'खरंच तुम्ही केलं नव्हतं ना?', शेजारच्या कैद्याची फाशी कशी झाली, तुरुंगात तुमच्यावर अत्याचार झाले का. हे वक्ता आपणहून बोलला तर ऐका, उकरून काढू नका. चांगली उत्तरं येतात ती साध्या प्रश्नांना: पत्रं कोण लिहायचं, सुटल्यावर पहिल्या आठवड्यात काय येईना, आज कायद्यातली कोणती गोष्ट बदलावी.

एक विसरलं जातं: बळी पडलेल्याचं कुटुंब. मुलं वक्त्याच्या बाजूने इतकी होतात की मेलेल्याचं नावही उरत नाही. बहुतेक वक्ते स्वतः त्याचा उल्लेख करतात. प्रास्ताविकात आपणही करावा.

विधी महाविद्यालय, मराठवाडा

परदेशी उदाहरणांवर थांबू नये, आपल्या दारातलं प्रकरण आहे. 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. ५ जून २००३ ला नाशिक जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा, पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली, आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी. २०१८ मध्ये तो निकाल मागे घेऊन फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ ला सगळे निर्दोष. आत गेलेली वर्षं: जवळपास सोळा. भरपाई: प्रत्येकी ५ लाख रुपये, राज्य सरकारने द्यायची. सहापैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

विद्यार्थ्यांनी दोन्ही निकाल, २००९ चा आणि २०१९ चा, शेजारी ठेवून वाचावेत. गाभा एकच आहे: हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोसंग्रहातून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं. तो जबाब नोंदलेला होता, पण सरकारी पक्षाने पुढे आणला नाही आणि त्या चौघांचा तपास झाला नाही. मेरीलँडच्या शिक्षिकेने लिहिलेला फळ्यावरचा रकान्यांचा प्रयोग इथे जसाच्या तसा चालतो.

आपल्याकडे अशा माणसाला बोलवायचं तर अडचणी वेगळ्या. वक्त्यांची संस्था नाही, म्हणून निरोप वकिलामार्फतच द्यावा; थेट वस्तीवर जाऊ नये, शेजाऱ्यांत पुन्हा चर्चा सुरू होते आणि पोलीस चौकशीला येतात. बुडालेली मजुरी धरूनच रोख मानधन द्यावं, येण्या-जाण्याला गाडी पाठवावी. भाषण मागू नये, मुलाखत घ्यावी. घरची बोली वेगळी असेल तर त्याच बोलीचा, पण दुसऱ्या गावचा दुभाषी शोधावा. व्यासपीठ, हारतुरे, दीपप्रज्वलन टाळावं. पाहुण्याच्या परिचयात जमातीचा उल्लेख त्याला विचारल्याशिवाय नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, पोलीस ठाण्यांच्या वागण्यातून अजून गेलेला नाही. तो इतिहास आधीच्या तासाला शिकवावा.

वकील, ठाणे

छोटी पण महत्त्वाची भर. पत्रिकेवर 'निर्दोष' छापण्याआधी निकाल वाचा. शिक्षा कमी होणं, घटनेच्या वेळी बालक असल्याने सुटका होणं आणि पुराव्यावरून निर्दोष ठरणं ही तीन निराळी प्रकरणं आहेत. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या नारायण चौधरी यांना सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ ला सोडलं ते घटनेच्या वेळी त्यांचं वय साडेबारा वर्षांचं ठरल्यामुळे. गुन्ह्याचा निष्कर्ष न्यायालयाने बदलला नाही.

आणि अपील चालू आहे का ते पाहा. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाचांना २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती आणि एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांनी परत जायचं नाही, पण हा निकाल दाखला म्हणून वापरायचा नाही. अशा प्रकरणात वक्त्याचं प्रत्येक वाक्य पुढे कोर्टात येऊ शकतं. त्यांच्या वकिलाने मुद्दे तपासल्याशिवाय कार्यक्रम ठेवू नका, थेट प्रक्षेपण तर मुळीच नको.

दुभाषी, टोकियो

जपानमध्ये फाशी कायम झाल्यावर फेरखटल्यात सुटलेले आजवर पाच जण. पहिले मेंदा साकाए, १९८३ मध्ये, चौतीस वर्षांनी. ते २०२० मध्ये वारले, तोवर देशोदेशी बोलत राहिले. पाचवे हाकामादा इवाओ. १९६६ मध्ये खुनाच्या आरोपावरून अटक, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा, २०१४ मध्ये तात्पुरती सुटका, २६ सप्टेंबर २०२४ ला निर्दोष. एकांतवासाने त्यांचं मन इतकं खचलं की ते सभेत बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने थोरली बहीण हिदेको बोलते, नव्वदी ओलांडल्यावरही. आयोजकांनी हे लक्षात ठेवावं: सुटलेल्यालाच मंचावर बसवायचा हट्ट नको, बहीण, भाऊ, मुलगी यांचं बोलणं तितकंच मोलाचं.

या प्रकरणात शिकवण्यासारखा पुरावा कपड्यांचा. खुनानंतर चौदा महिन्यांनी मिसोच्या टाकीत पाच कपडे सापडले, रक्ताचे डाग अजून लालसर. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. समर्थकांनी रक्त लावलेले कपडे मिसोत वर्षाहून जास्त ठेवून पाहिले: मीठ आणि आम्लामुळे डाग काळपट होतो, लाल राहत नाही. कोर्टाने कपडे नंतर ठेवलेले, म्हणजे पुरावा रचलेला, असं म्हटलं. विज्ञानाच्या शिक्षकाला सोबत घेतलं तर हे छान समजावता येतं.

दुभाषेपणाबद्दल. वाक्यामागून वाक्य भाषांतर केलं की वेळ दुप्पट होतो. चाळीस मिनिटांचं बोलणं ऐंशी धरा. मजकूर आणि खटल्यातल्या संज्ञा आठवडाभर आधी दुभाष्याला द्या. दुभाष्याने प्रथमपुरुषीच बोलायचं, 'ते म्हणतात की' लावायचं नाही. वक्ता थांबला, रडला, तर दुभाष्याने मधली जागा स्वतःच्या शब्दांनी भरू नये. जपानमध्ये कैद्याला फाशीची वेळ त्याच सकाळी कळते. हे मुलांना आधी सांगितलेलं असलं तर सकाळच्या पावलांचा उल्लेख आल्यावर दुभाष्याला फोड करत बसावी लागत नाही.

मेरीलँडची शिक्षिका, पुन्हा

असा कार्यक्रम कोणत्या वयाच्या मुलांसाठी ठेवावा, असं कोणीतरी विचारलंय. आठवीखाली नको, नववी-दहावीला पालकांच्या लेखी परवानगीने, आणि प्रकरणात लैंगिक अत्याचार असेल तर अकरावीनंतर. शाळेची समुपदेशक सभागृहात हवी, दोन दिवस उपलब्ध हवी. घरातलं कोणी तुरुंगात असलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती उठून बाहेर जातात. त्यांना कुणी अडवायचं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांकडून पत्रं लिहून घ्या, निबंध नकोत. 'तुम्ही सांगितलेली अमुक गोष्ट लक्षात राहिली' एवढं नेमकं असलं की झालं. वाचून, लिफाफ्यात घालून आठवड्याच्या आत पाठवा.